तारेखालचा दोरा

तंबोरा लावणाऱ्याकडे जरा लक्ष देऊन पाहा. खुंट्या पिळून तारा सुरात आणल्या, की तो प्रत्येक तारेखाली घोडीवर सुताचा एक तुकडा सरकवतो. शिवणाच्या डब्यात असतो तसलाच दोरा! तो केसभर पुढे-मागे करताना एका जागी तार एकदम बोलू लागते. तोवर ती नुसती टणकत असते. आता तिच्यातून वरचे स्वर झिरपू लागतात. जवारी खुलली म्हणतात ती हीच.

घोडीचा माथा किंचित उतरता असतो. दोऱ्याने तार जराशी उचलली जाते आणि कंप पावताना घोडीला पुन्हापुन्हा चाटून जाते. एरवी तार बरोबर मध्यावर छेडली तर वरच्या सप्तकातला षड्ज उमटू नये, असे शास्त्र सांगते. तंबोऱ्यात मात्र तो उमटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये हेच दाखवून दिले.

ही युक्ती मिरजेची, असा अनेकांचा समज आहे. पण तिची जुनी नोंद आपल्या मराठवाड्यातली आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव हिशेबाचे काम पाही. घराणे मूळ काश्मीरचे. तेराव्या शतकात त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेच्या तारेखाली बांबूची पातळ साल ठेवायला सांगितली आहे आणि तिचे नाव आहे ‘जीवा’. मी शब्दांत रमणारा माणूस. जमाखर्च सांभाळणाऱ्याच्या ग्रंथात हा शब्द भेटला, तेव्हा मला त्याचा हेवा वाटला.

मिरजेचे श्रेय याने कमी होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा तिथले मुस्लिम शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव त्यांत पहिले. पुढे ही घराणी सतारमेकर म्हणूनच ओळखली जाऊ लागली. भोपळे येत पंढरपूरच्या बाजूने. तलवारीला धार लावणारा हात घोडीवर कानस चालवू लागला. मला वाटते, तो हात या कामाला आधीच तयार होता. कारण जवारी काढायची म्हणजे घासायचे, ऐकायचे, पुन्हा घासायचे. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) स्वतः जवारी काढत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

अमेरिकेत जॉन केजने १९४० च्या सुमारास पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबर अडकवले, त्याचा केवढा गाजावाजा झाला! आपल्या दोऱ्याचे कौतुक कोणी केले नाही.

वाजवून वाजवून घोडीत तारांच्या चऱ्या पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. किनवटहून मिरज म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. तंबोरा गवसणीत घालून एवढ्या लांब कोण नेणार? म्हणून आमच्याकडचे गाणारे इलेक्ट्रॉनिक पेटी लावतात. ती कधी बेसूर होत नाही. मात्र आपल्या गळ्याला मानवेल असा तिचा आवाज करून घ्यायचा, तर दोरा सरकवायला तिच्यात जागाच नाही.