पांढऱ्या पोटाचे सी हॅरियर

प्लास्टिकचे विमान जोडणे हा पोरखेळ आहे, असे आपल्याकडे बहुतेकांना वाटते. तुकडे चौकटीतून कापायचे, गोंदाने चिकटवायचे, वर रंग फासायचा की झाले! पण या छंदातली खरी मेहनत रंगाच्या डबीपाशी सुरू होते. डबी उघडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: हे विमान कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या जहाजावरचे? तेवढे ठरल्याशिवाय एकही रंग निवडता येत नाही. बरीच वर्षे हा नाद केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की मॉडेल रंगवणे ही इतिहासलेखनाचीच एक धाकटी शाखा आहे. आणि हे पटवून द्यायला आपल्या दाबोळीच्या सी हॅरियरइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

वास्को, चिखली, बोगमाळो या भागातल्या लोकांना या विमानाची ओळख करून द्यायला नको. हवेत जागच्या जागी थांबणारे, सरळ खाली उतरणारे आणि बोलणे बंद पाडील इतका आवाज करणारे ते विमान. १९७९ मध्ये भारताने पहिली आठ सी हॅरियर मागवली. सहा लढाऊ आणि दोन प्रशिक्षणाची. त्यांपैकी पहिली तीन १६ डिसेंबर १९८३ रोजी दाबोळीला उतरली. तुकडीचे नेतृत्व करणारे अरुण प्रकाश पुढे २००४ मध्ये नौदलप्रमुख झाले. चारच दिवसांनी, २० डिसेंबरला, त्यांनी आयएनएस विक्रांतच्या डेकवर हे विमान उतरवले. ज्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे 'व्हाइट टायगर्स'कडे, ही विमाने आली, तिनेच १९७१ च्या युद्धात विक्रांतवरून सी हॉक विमाने उडवून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले होते. शेपटीवरचा झेपावणारा पांढरा वाघ अनेकांनी पाहिला असेल.

आता रंगाकडे वळू. सी हॅरियर जन्माने ब्रिटिश. तिथल्या नौदलात ते आले तेव्हा पाठ गडद करडी आणि पोट पांढरे होते. या गडद करड्याचे अधिकृत नाव 'एक्स्ट्रा डार्क सी ग्रे', ब्रिटिश प्रमाणपत्रकात क्रमांक ६४०. त्यामागचा विचार सरळ आहे. वरून पाहणाऱ्याला गडद पाठ समुद्रात मिसळून दिसावी, खालून पाहणाऱ्याला पांढरे पोट आकाशात विरावे. आपल्या मासळी बाजारातला बांगडा हातात घेऊन पाहा, निसर्गाने हीच युक्ती कधीच केलेली आहे.

एप्रिल १९८२ मध्ये फॉकलंडचे युद्ध सुरू झाले. ब्रिटिश आरमाराचे प्रमुख जहाज एचएमएस हर्मिस सी हॅरियर घेऊन दक्षिणेकडे निघाले. हवेत वळण घेताना पांढरे पोट चमकते आणि शत्रूला दुरून दिसते, हे वैमानिक जाणून होते. मग वाटेतच, भर समुद्रात, जहाजावरच्या माणसांनी हातात कुंचले घेऊन सगळी पांढरी पोटे गडद करड्या रंगाने झाकून टाकली. राष्ट्रचिन्हांतला पांढरा भागही बुजवला. इन्व्हिन्सिबल या दुसऱ्या जहाजावर हेच काम फवाऱ्याने झाले. मागाहून पाठवलेल्या ८०९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमाने मात्र फिकट करड्या रंगात आली. त्या फिकट करड्याची शिफारस करणारे तज्ज्ञ फिलिप बार्ली यांच्या नावाने त्यातल्या एका छटेला आजही मॉडेलवाले 'बार्ली ग्रे' म्हणतात. म्हणजे एकाच युद्धात, एकाच जातीच्या विमानांचे दोन रंग आणि ते लावण्याच्या दोन पद्धती. हर्मिसवरचे विमान करायचे असेल तर मॉडेलच्या रंगातही कुंचल्याच्या फटकाऱ्यांची पुसट जाणीव ठेवावी लागते. इथे एअरब्रशची सफाई दिसली तर ते चूक ठरते.

खरी गंमत पुढेच आहे. वर्षभरानंतर भारतात आलेली विमाने पांढऱ्या पोटाचीच होती. युद्धाने ब्रिटनमध्ये पुसून टाकलेली रंगसंगती गोव्यात जिवंत राहिली! आणि १९८६ मध्ये भारताने जे जुने विमानवाहू जहाज विकत घेतले, ते हेच हर्मिस. १२ मे १९८७ रोजी ते आयएनएस विराट झाले. ज्या डेकवर पाच वर्षांपूर्वी खलाशांनी घाईघाईने पांढरा रंग झाकला, त्याच डेकवर पांढऱ्या पोटाची विमाने पुन्हा उतरू लागली. हे जहाज आणि ही विमाने यांचा हा योग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण म्हटले असते, जरा जास्तच झाले.

पुढे आपल्या विमानांचेही पांढरे पोट गेले आणि करड्याच्या दोन छटा आल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात काही विमानांना इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रे मिळाली. त्यामुळे पांढऱ्या पोटाच्या विमानाखाली डर्बी टांगले, की मॉडेल कितीही सुबक असले तरी इतिहास म्हणून ते खोटे. तीच गोष्ट पेटीतून येणाऱ्या अमेरिकन साइडवाइंडर क्षेपणास्त्रांची. आपल्या सी हॅरियरवर असत ती फ्रेंच मॅजिक.

रंग बसला की येते वेदरिंग, म्हणजे वापराच्या खुणा उमटवणे. पातळ केलेला गडद तैलरंग पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा, कोरडा होत आलेला कुंचला कडांवरून हलकेच फिरवायचा, रंगाचे टवके दाखवायचे. १९७० आणि ८० च्या दशकांत शेपर्ड पेन आणि फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्यासारख्या कारागिरांनी ही तंत्रे जगभर लोकप्रिय केली. पण हल्ली पुष्कळदा अति होते. विमान भंगारातून उचलून आणल्यासारखे दिसते.

इथे थोडे गणित करावे. १/७२ प्रमाणात साडेचौदा मीटरचे सी हॅरियर जेमतेम वीस सेंटीमीटरचे होते. मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका काढला, तर तो खऱ्या विमानावर सात सेंटीमीटरचा होईल. कोणता तंत्रज्ञ असे विमान उडू देईल? समुद्रावरच्या विमानाचा मोठा शत्रू मीठ. म्हणून ही विमाने गोड्या पाण्याने वारंवार धुतली जातात, आणि जिथे रंग उडाला तिथे घासून ताज्या रंगाचा ठिगळ लावला जातो. त्यामुळे अशा विमानाचे जुनेपण मळापेक्षा ठिगळांत दिसते. एकाच करड्याचे उन्हाने फिकटलेले आणि नुकतेच लावलेले तुकडे शेजारी शेजारी.

डागालाही कारण लागते. सी हॅरियरच्या पेगासस इंजिनाला चार तोंडे असतात. पुढच्या दोहोंतून पंख्याची तुलनेने थंड हवा येते, मागच्या दोहोंतून जळता झोत. म्हणून काजळी मागच्या तोंडांपाशी आणि त्यांच्या पाठीमागच्या उष्णतारोधक पत्र्यावर शोभते. पुढच्या तोंडांमागे तसाच काळा फराटा ओढणाऱ्याला विमान कसे उडते हेच ठाऊक नाही, असे समजावे. काम करताना मी प्रत्येक डागाला विचारतो, बाबा रे, तू आलास कुठून? उत्तर नसेल तर तो पुसतो. इतिहास लिहिणाऱ्यानेही हेच करावे, नाही का?

आपल्या हवेत हे काम सोपे नाही. जून ते सप्टेंबर वार्निश मारू नये हे उत्तम. हवेतल्या दमटपणामुळे लॅकर जातीच्या वार्निशवर पांढुरकी साय धरते. चवथीच्या मूर्ती रंगवणाऱ्या आपल्या चितारींना पावसाची ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

असो. एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. ११ मे २०१६ रोजी दाबोळीच्या आयएनएस हंसावर सी हॅरियरला निरोप दिला गेला. तोवर ताफ्यातली अर्ध्याहून अधिक विमाने अपघातांत गेली होती, आणि काही वैमानिकही. ऑगस्ट २००९ मध्ये गोव्याच्याच समुद्रात विमान कोसळून एक तरुण अधिकारी गेला. विक्रांत २०१४ मध्ये मुंबईत मोडली गेली, विराट २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्याला मोडण्यासाठी लागली. ज्या डेकवर तो पांढरा रंग झाकला गेला आणि परत आला, ती डेकही आता नाही. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात विमाने आहेत, मुलांना जरूर दाखवावीत. पण खाऱ्या वाऱ्यात आणि आपल्या पावसात उघड्यावर उभे राहणारे विमान टिकवायचे तर त्याला पुन्हा रंग द्यावाच लागतो, आणि प्रत्येक नव्या थराखाली जुना पुरावा गाडला जातो. त्याच्या रंगावरून १९८३ चे विमान कसे होते ते सांगता येणार नाही.

ते सांगू शकतील जुने फोटो, आणि ते वास्को-चिखलीच्या घराघरांत असतील. कुणाचे वडील तळावर नोकरीला होते, कुणी नौदल दिनी विमानापुढे उभे राहून फोटो काढला होता. वाचकहो, असा फोटो तुमच्या अल्बममध्ये असेल तर तो काढा, मागे साल आणि ठिकाण लिहा, पोट पांढरे होते की करडे ते पाहा. माझ्या टेबलावरच्या वीस सेंटीमीटरच्या विमानाला तेवढी माहिती पुरेल. आपल्या गावाच्या इतिहासालाही ती लागणार आहे.