मॅस्टोडॉनवर नवीन आहात? सर्व्हर निवडण्यापासून अकाउंट हलवण्यापर्यंत सगळं समजून घ्या

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. महाराष्ट्रातल्या अनेक पोरापोरींनी तिथे जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत गेले. त्याच वर्षी सुरू झालेलं आणि मराठीतही चालणारं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद करत असल्याचं त्याच्या संस्थापकांनी जाहीर केलं. त्याआधी २०१४ मध्ये गुगलने ऑर्कुटला टाळं लावलं होतं. तिन्ही वेळची कारणं वेगळी होती, पण वापरणाऱ्याचं नुकसान सारखंच झालं. ॲप गेलं आणि त्याबरोबर तिथे जोडलेली माणसंही गेली.

विकेंद्रित सोशल मीडियाचा विचार इथूनच सुरू होतो. अकाउंट एका कंपनीच्या हातात नसेल, तर जागा बदलली तरी माणसं सोबत नेता येतील का? मॅस्टोडॉनचं उत्तर ‘हो’ असं आहे, पण त्याला काही अटी आहेत. नवीन अकाउंट उघडणाऱ्याने त्या पहिल्याच दिवशी समजून घ्यायला हव्यात.

मॅस्टोडॉन म्हणजे नेमकं काय?

युगेन रोच्को या जर्मनीतल्या प्रोग्रॅमरने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केलं. दिसायला ते जुन्या ट्विटरसारखं आहे. छोट्या पोस्ट लिहायच्या, लोकांना फॉलो करायचं, आवडलेली पोस्ट पुढे पाठवायची. एका पोस्टची मर्यादा सहसा ५०० अक्षरांची असते.

खरा फरक आतल्या रचनेत आहे. मॅस्टोडॉन ही एकच वेबसाइट नाही. हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं. असे हजारो सर्व्हर वेगवेगळ्या व्यक्ती, संस्था आणि गट चालवतात आणि ते एकमेकांशी जोडलेले असतात.

ईमेल आठवा. तुमचं अकाउंट जीमेलवर असतं, मित्राचं रेडिफवर, तरी मेल जाते आणि येते. मॅस्टोडॉनचंही तसंच आहे. तुमचं अकाउंट एका सर्व्हरवर असलं तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करता येतं, उत्तर देता येतं.

हे शक्य होतं ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामायिक नियमावलीमुळे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली. फोटोंसाठीचं पिक्सेलफेड आणि व्हिडिओसाठीचं पीअरट्यूब यांसारखी इतर नेटवर्कही तीच वापरतात. या सगळ्या जोडलेल्या जगाला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात.

भारतात हे नाव कधी गाजलं?

नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं अकाउंट ट्विटरने निलंबित केल्यावर नाराज झालेल्या अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर अकाउंट उघडलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून दुसरी मोठी लाट आली. दोन्ही वेळा आलेल्यांपैकी बरेच जण काही दिवसांत परतले. ‘इथे काहीच दिसत नाही’ ही नव्या माणसाची नेहमीची तक्रार असते. असं का होतं ते पुढे पाहू.

पहिली पायरी : सर्व्हर निवडणं

अकाउंट उघडताना आधी सर्व्हर निवडावा लागतो आणि नवा माणूस इथेच अडखळतो. अधिकृत ॲप तुम्हाला ‘मॅस्टोडॉन डॉट सोशल’ हा सर्वात मोठा सर्व्हर सुचवतं. घाई असेल तर तो ठीक आहे. पण ‘जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्ग’ या साइटवर भाषा, प्रदेश आणि विषयानुसार सर्व्हरची यादी मिळते. ती एकदा जरूर पाहा.

या यादीत येणाऱ्या सर्व्हरना काही गोष्टी कबूल कराव्या लागतात. रोज बॅकअप घ्यायचा, वंशद्वेष आणि लिंगभेदी मजकुरावर कारवाई करायची, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाताळू शकेल असा किमान आणखी एक माणूस ठेवायचा आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास तीन महिने आधी सांगायचं.

सर्व्हर निवडताना चार गोष्टी तपासा.

१. ‘अबाउट’ पानावर चालवणाऱ्याचं नाव आणि संपर्क आहे का?

२. नियम स्पष्ट लिहिले आहेत का आणि ते तुम्हाला पटतात का?

३. खर्च कुठून येतो? बरेच सर्व्हर देणग्यांवर चालतात. हिशेब उघड असेल तर उत्तम.

४. कोणते सर्व्हर ब्लॉक केले आहेत? सर्व्हर चालवणारा दुसऱ्या अख्ख्या सर्व्हरशी संबंध तोडू शकतो. २०१९ मध्ये ‘गॅब’ हे नेटवर्क मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं, तेव्हा द्वेषपूर्ण मजकुराच्या कारणावरून अनेक सर्व्हरनी त्याला ब्लॉक केलं होतं. असं झालं की त्या दोन सर्व्हरवरची माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

काही सर्व्हर ‘तुम्हाला इथे का यायचंय?’ असं विचारतात आणि उत्तर वाचून मंजुरी देतात. दोन ओळी मनापासून लिहा.

दुसरी पायरी : नाव आणि प्रोफाइल

तुमच्या पत्त्याचे दोन भाग असतात, आधी तुमचं नाव आणि मग सर्व्हरचं. कोणाला पत्ता सांगताना दोन्ही सांगा, कारण तेच नाव दुसऱ्या सर्व्हरवर दुसऱ्याच कोणाचं असू शकतं. पत्त्यातलं नाव इंग्रजी अक्षरांतच घ्यावं लागतं. लोकांना दिसणारं नाव मात्र मराठीत लिहिता येतं.

फोटो आणि दोन ओळींची ओळख आधी भरा, मगच लोकांना फॉलो करा. रिकाम्या प्रोफाइलला लोक बॉट समजतात. तुमची स्वतःची वेबसाइट असेल, तर तिच्यावर मॅस्टोडॉन प्रोफाइलची एक खास लिंक टाकून ती पडताळून घेता येते. मग प्रोफाइलमधल्या त्या वेबसाइटच्या लिंकला हिरवी खूण मिळते. यासाठी पैसे लागत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप लॉगिन सुरू करायलाही विसरू नका.

तिसरी पायरी : रिकामं फीड भरणं

इंस्टाग्राम तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून फीड भरतं. मॅस्टोडॉनचं होम फीड तसं करत नाही. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्याच पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात. कोणालाच फॉलो केलं नसेल तर फीड रिकामंच राहणार.

म्हणून सुरुवात हॅशटॅगपासून करा. २०२२ च्या अखेरीपासून माणसाप्रमाणे हॅशटॅगही फॉलो करता येतो. ‘मराठी’, ‘पुणे’, सायकलिंग, पुस्तकं, क्रिकेट, जे आवडतं ते शोधा आणि फॉलो करा. ‘इंट्रोडक्शन’ हा इंग्रजी हॅशटॅग लावून ओळखीची पहिली पोस्ट लिहिण्याची इथे पद्धत आहे. त्यात आवडीचे विषयही हॅशटॅग करून टाका, कारण इथे लोक तुम्हाला त्यावरूनच शोधतात.

पोस्टला ‘फेव्हरिट’ केलं तर लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पण त्याने ती पोस्ट जास्त लोकांच्या फीडमध्ये जात नाही. ती पुढे पोहोचवायची असेल तर ‘बूस्ट’ करा. फोटो टाकताना त्याचं वर्णन लिहिण्याचा इथे आग्रह असतो, कारण अंध वापरकर्त्यांना स्क्रीन रीडरवर तेच ऐकू येतं. सिनेमाचा शेवट फोडायचा असेल किंवा हिंसेबद्दल लिहायचं असेल, तर आधी ‘कंटेंट वॉर्निंग’ लावतात.

‘प्रायव्हेट’ म्हणजे खरंच खासगी का?

नाही. एखाद्याला ‘प्रायव्हेट मेन्शन’ पाठवता येतं, पण ते व्हॉट्सॲपसारखं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतं. तुमच्या आणि समोरच्याच्या सर्व्हरचा ॲडमिन ते तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो.

दुसरा धोका रोजच्या वापरातला आहे. दोघांच्या खासगी बोलण्यात तुम्ही तिसऱ्याचा पत्ता ‘@’ लावून लिहिला, तर तो मेसेज त्या तिसऱ्यालाही जातो. ऑफिसमधल्या कोणाची तक्रार अशा प्रकारे त्याच्याच फोनवर पोहोचू शकते. ओटीपी, पत्ता, आधार क्रमांक किंवा कोणाची चुगली, यातलं काहीही इथे लिहू नका.

डिलीट केलेली पोस्टही सगळीकडून जाईलच असं नाही. तुमचा सर्व्हर बाकीच्यांना ती काढायला सांगतो, पण प्रत्येकजण ऐकेल याची खात्री नसते.

चौथी पायरी : अकाउंट हलवणं

आता सुरुवातीच्या अटींकडे येऊ. सर्व्हर पटला नाही तर दुसरीकडे अकाउंट उघडा. नव्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये जुन्याचा पत्ता नोंदवा आणि मग जुन्या अकाउंटमधून ‘मूव्ह’ करा. तुमचे फॉलोअर्स आपोआप नव्या पत्त्यावर जातात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी आणि ब्लॉक लिस्ट फाइल म्हणून डाउनलोड करून नव्या ठिकाणी चढवता येते.

जुन्या पोस्ट मात्र सोबत येत नाहीत. त्यांची प्रत डाउनलोड करून ठेवता येते, पण नव्या अकाउंटवर टाकता येत नाही.

सर्वात महत्त्वाची अट म्हणजे हे सगळं जुना सर्व्हर चालू असतानाच होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘क्वीअर डॉट एएफ’ या सर्व्हरचं डोमेन अफगाणिस्तानातल्या तालिबान प्रशासनाने अचानक निलंबित केलं. ‘एएफ’ हे त्या देशाचं डोमेन आहे, त्यामुळे त्यावर त्यांचाच ताबा होता. पत्ताच बंद झाल्यावर तिथल्या लोकांना नेहमीच्या मार्गाने फॉलोअर्स हलवता येईनात.

म्हणून महिन्यातून एकदा फॉलोइंगची यादी आणि पोस्टची प्रत डाउनलोड करा. सेटिंगमधल्या ‘इम्पोर्ट ॲण्ड एक्सपोर्ट’मध्ये हा पर्याय मिळेल. ॲडमिनच्या घोषणांवरही लक्ष ठेवा. सर्व्हर बंद होण्याची सूचना सहसा तिथेच येते.

मग अकाउंट उघडायचं का?

तुमचे नातेवाईक, गावाकडचे मित्र किंवा दुकानाचे ग्राहक तिथे असतील ही अपेक्षा ठेवू नका. मराठी माणसं आहेत, पण विखुरलेली आहेत, त्यांना शोधावं लागतं. व्हायरल होण्यासाठी किंवा कमाईसाठी ही जागा नाही. जाहिराती आणि अल्गोरिदमला कंटाळला असाल, आवडीच्या विषयावर निवांत गप्पा हव्या असतील, तर महिनाभर वापरून बघा. इतर अकाउंट बंद करायची गरज नाही. रोज दहा मिनिटं द्या, पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस लोकांना आणि पाच-सहा हॅशटॅगना फॉलो करा, आणि फॉलोइंगची पहिली फाइल डाउनलोड करून ठेवा.