मॅट्रिक ते सीईटी: प्रवेशाची परीक्षा, इंग्रजी आणि तळेगावची एक शाळा

मावळातील वराळे हे तळेगाव दाभाडेच्या शेजारचे गाव. आज तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि अशा महाविद्यालयात प्रवेश हवा असेल तर आधी सीईटी द्यावी लागते. मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाला या परीक्षेसाठी दोन गोष्टी शिकाव्या लागतात : विषय, आणि त्या विषयाची इंग्रजी. या दुहेरी ओझ्याला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यातील सर्वांत धाडसी प्रकरण वराळ्याच्या शेजारीच, तळेगावात घडले. #धागा

सुरुवात मात्र उलटी झाली होती. १८२३ साली मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि तेथे मराठी व गुजराती मुलांना त्यांच्याच भाषेत शिकविले जाई. त्यासाठी जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची इंग्रजी पुस्तके मराठीत आणली. अंकगणित, बीजगणित, भूमिती हे सारे त्या दशकात मराठीत छापले गेले. तेव्हा ना मुंबई विद्यापीठ होते, ना आगगाडी.

वाद पेटला तो १८४७ च्या सुमारास. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह होता की उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांचे म्हणणे होते की सामान्य लोकांपर्यंत ज्ञान न्यायचे असेल तर मातृभाषेवाचून गत्यंतर नाही. नानांचा इंग्रजीला विरोध नव्हता, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत ते स्वतः अग्रभागी होते. इंग्रजी ही भाषा म्हणून शिकावी, पण प्रत्येक ज्ञानाचे दार तीच असू नये, असा त्यांचा पक्ष होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन्ही भाषांना स्थान दिले. व्यवहारात मात्र उच्च शिक्षण इंग्रजीकडे गेले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. त्या वेळी मावळातून एखादा मुलगा मुंबईला निघाला असता तर? पुणे-खंडाळा लोहमार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला होता, पण बोरघाटातील मार्ग पूर्ण व्हायला १८६३ उजाडले. म्हणजे खंडाळ्याला उतरायचे, घाट पायी किंवा डोलीने पार करायचा आणि खोपोलीला दुसरी गाडी धरायची. परीक्षेचेही तसेच होते. शाळेतील मराठी जेथे संपे तेथून विद्यापीठाच्या इंग्रजीपर्यंतचा घाट ज्याचा त्याने उतरायचा.

पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये हे दोघे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे चौघे विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले. यावरून पद्धत उत्तम होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण घाट पार केलेल्यांचीच नावे इतिहासात उरतात. जे अर्ध्यावरून परतले त्यांच्यासाठी मराठीत एकच शब्द रूढ झाला : ‘मॅट्रिक नापास’. तो पुढे शंभर वर्षे लोकांच्या नावाला चिकटून राहिला. त्यांतील कितीजण गणितात कच्चे होते आणि कितीजणांना केवळ इंग्रजीने अडविले, याचा हिशेब त्या दोन शब्दांत नसे.

तयारीची साधने थोडी होती. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला होता. पुढे घरोघर पोहोचली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आधी शब्द, मग वाक्ये. मराठीचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. कित्येक पिढ्यांनी परकी भाषा कानाने नव्हे, डोळ्यांनी आणि पाठांतराने मिळविली ती अशी. म्हणूनच लिहिताना शेक्सपिअर आठवणारा, पण साहेबासमोर तोंड न उघडणारा पदवीधर हा मराठी विनोदाचा आवडता विषय झाला.

विद्यापीठाने तर पुढे महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून मराठीला बाहेर काढून तिच्या जागी संस्कृतसारख्या अभिजात भाषा आणल्या. मराठीला परत आणण्यासाठी ज्यांनी दीर्घकाळ खटपट केली ते रानडे याच परीक्षांचे पहिले यशस्वी विद्यार्थी होते. त्यांना यश मिळाले ते आयुष्याच्या अगदी अखेरीस, आणि तेही एम. ए. पुरते. आणखी एक विपर्यास : मातृभाषेचा कैवार घेणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव मॅट्रिकच्या मुलांना परिचित झाले ते संस्कृतच्या शिष्यवृत्तीमुळे.

आता तळेगावकडे वळू.

विष्णू गोविंद विजापूरकर हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक, स्वतः एम. ए. मराठी माध्यमाचा आग्रह धरणाऱ्या अनेकांना न सुचलेली गोष्ट त्यांना आधी सुचली होती : पुस्तके नसतील तर माध्यमाची चर्चा पोकळ आहे. १८९४ मध्ये त्यांनी ‘ग्रंथमाला’ हे मासिक सुरू केले. त्यातून निरनिराळ्या विषयांवरील ग्रंथ क्रमशः प्रसिद्ध होत. एक तप ते चालले.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. त्याच सुमारास विजापूरकरांचे समर्थ विद्यालय सुरू झाले आणि पुढे ते तळेगावला आले. मातृभाषेतून शिक्षण, हातांना उद्योग आणि सरकारी शिक्षणव्यवस्थेपासून स्वातंत्र्य हा त्याचा गाभा होता. १९०८ मध्ये याच गावात लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. रेल्वेवरचे हे लहानसे गाव काही काळ स्वदेशीची प्रयोगशाळा झाले होते.

पण येथे पालकांपुढचा पेच लक्षात घ्यावा लागतो. मॅट्रिक नाही म्हणजे कॉलेज नाही, वकिली नाही, सरकारी नोकरी नाही. मुलाला राष्ट्रीय शाळेत घालणे म्हणजे त्याचे भविष्य पणाला लावणे. ते लावणारी कुटुंबे निघाली, हीच त्या शाळेची मोठी कमाई.

प्रयोगाला फार आयुष्य मिळाले नाही. ‘विश्ववृत्त’ मासिकातील एका लेखावरून १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला आणि विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे ‘रागिणी’ लिहिणारे वामन मल्हार जोशी हेही त्याच खटल्यात तुरुंगात गेले. १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद पाडले. सुटकेनंतर विजापूरकरांनी पुन्हा प्रयत्न केले आणि तळेगावात नवीन समर्थ विद्यालय उभे राहिले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वेदोक्त प्रकरणात विजापूरकर शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. ‘आपली’ शाळा म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. समर्थ विद्यालय भरात असताना, १९०७ मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना शाळेत संस्कृत शिकू दिले नव्हते. त्यांना फार्सी घ्यावी लागली. या यशाबद्दल झालेल्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते मराठीत होते. देशी ज्ञानाची दारे ज्यांना जन्मावरून बंद होती, त्यांच्या दृष्टीने सर्वांनाच सारखी परकी असलेली इंग्रजी हा निदान उघडा रस्ता होता. विजापूरकरांना जी परीक्षा बेडी वाटली तीच आंबेडकरांना शिडी ठरली, आणि दोघांचाही अनुभव खरा होता.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने घेतली. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आणले आणि माध्यमिक शिक्षण मराठीत स्थिरावले. विज्ञानाचे उच्च शिक्षण मात्र इंग्रजीतच राहिले. घाट हटला नाही. तो दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये सरकला. त्यावर तोडगा म्हणून सेमी-इंग्रजी वर्ग आले. २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली.

अलीकडचा तपशील तर अधिक बोलका आहे. महाराष्ट्राने अभियांत्रिकी प्रवेशासाठी जेईई मेन स्वीकारली तेव्हा ती मराठीत उपलब्ध झाली. २०१६ मध्ये राज्य सीईटीकडे परतताच मराठी प्रश्नपत्रिका गेली, ती २०२१ मध्ये पुन्हा आली. २०१६ ची नीट केवळ इंग्रजी आणि हिंदीत होती; २०१७ पासून ती मराठीतही आहे. मात्र भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूरच अंतिम मानला जातो.

२०२१ मध्ये देशातील काही महाविद्यालयांना भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची अनुमती मिळाली. मराठीसाठी पुढे आलेले महाविद्यालय निगडीचे, पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग; तळेगावहून लोकलने काही स्थानकांच्या अंतरावर. तेथे संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग निघाला. तळेगावात नवीन समर्थ विद्यालय चालविणारे नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळही आज अभियांत्रिकी महाविद्यालय चालविते.

या सर्वांची वाट सीईटीतून जाते. तिच्या माहितीपुस्तिकेनुसार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांची प्रश्नपत्रिका मराठीत मिळू शकते. जर्व्हिस यांनी दोनशे वर्षांपूर्वी मराठीत छापलेले गणित तेवढे फक्त इंग्रजीत असते.