तळटीप : ‘मामामूशी’ या बिरुदाविषयी

* मामामूशी : हे बिरुद तुर्की दरबारात कधीही अस्तित्वात नव्हते. ‘ल बुर्ज्वा जाँतियोम’ या पंचांकी प्रहसनात मोलियरने ते रचले, आणि कापडाच्या व्यापारावर गबर झालेल्या घराण्यातील मस्यू जूर्दँ यास उमरावांच्या पंक्तीस बसण्याचा जो अनावर हव्यास जडला होता, त्याच्या तृप्त्यर्थ चौथ्या अंकात समारंभपूर्वक बहाल करविले. प्रसंगाचे मूळ मात्र इतिहासात आहे. 1669 साली उस्मानी सुलतानाचा वकील सुलेमान आगा फ्रान्समध्ये आला असता चौदाव्या लुईच्या दरबारात तुर्की पोशाख व रीतिरिवाज यांविषयी कुतूहल जागे झाले. आणि राजाज्ञेवरूनच, पूर्वेकडील मुलखांत दीर्घकाळ राहिलेल्या शव्हालिए दार्व्हियोच्या माहितीचा उपयोग करून, मोलियर व संगीतकार ल्यूली यांनी हे नृत्यनाट्य सिद्ध केले. 14 ऑक्टोबर 1670 रोजी शांबोरच्या राजप्रासादात झालेल्या पहिल्या प्रयोगात जूर्दँ स्वतः मोलियर झाला होता, तर बिरुददानाचा समारंभ चालविणारा मुफ्ती ल्यूली. हा समारंभ कथानकाला बाहेरून चिकटविलेला आहे, हे मत मला सर्वथा अमान्य आहे. कारण आपण उमराव नाही असे निर्भयपणे सांगितल्यामुळे जूर्दँच्या कन्येला मागणी घालणारा जो क्लेआँत जावई म्हणून नाकारला जातो, तोच तुर्की शाहजाद्याचा वेष घेऊन येताच स्वीकारला जातो, आणि जूर्दँच्या बुद्धीवरील पटल किती दाट आहे ते येथेच प्रत्ययास येते. जूर्दँ ज्या व्यापारी वर्गातला, त्याच वर्गातून मोलियरही आलेला होता; खुद्द त्याचा पिता पॅरिसमधील गाद्या-पडद्यांचा व्यापारी व राजगृहाचा सनदी कारागीर होता, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. — संपादक