संभाषणातून घडलेला ग्रंथ

१९६० मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ने प्रेक्षकांची झोप उडविली. कीर्ती व द्रव्य या दिग्दर्शकाला भरपूर लाभले होते. परंतु अमेरिकेतील बहुतेक समीक्षकांच्या लेखी ते केवळ कुशल करमणूकदार होते. भय उत्पन्न करणे ही कला नव्हे, हातचलाखी होय, असा त्यांचा समज.

या समजाला पहिला छेद फ्रान्समध्ये गेला. एरिक रोमेर व क्लोद शाब्रोल या समीक्षकांनी १९५७ मध्ये हिचकॉक यांच्या चित्रपटांवर ग्रंथ लिहिला. त्यांचे सहकारी फ्रान्स्वा त्रुफो हे तर ऑगस्ट १९६२ मध्ये थेट हॉलिवूडला पोहोचले. त्रुफोंना इंग्रजी बेताचेच येत असल्याने हेलन स्कॉट या दुभाष्याचे काम करीत. आठवडाभराचे हे संभाषण ध्वनिफितींवरून उतरून १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

टेबलाखालचा बॉम्ब अकस्मात फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो तेथे आहे हे आधीच ठाऊक असेल, तर पात्रांच्या साध्या गप्पाही त्याचा जीव टांगणीला लावतात. हिचकॉक यांनी असे आपले कसब येथे उलगडून दाखविले. हातचलाखीमागे केवढा विचार होता, हे वाचकांस कळले.

दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी पाच वेळा नामांकन होऊनही तो सन्मान हिचकॉक यांना मिळाला नाही. १९८० मध्ये ते निवर्तले. पारितोषिकाने नाकारलेला न्याय त्यांना एका जिज्ञासू शिष्याच्या प्रश्नांनी मिळवून दिला.