कमरेचं पिस्तूल आणि कलेक्टरची सही



गेल्या भीमजयंतीनंतरची गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका गावात मिरवणुकीच्या वाटेवरून वाद झाला. आपल्या तीन पोरांना मार बसला आणि तक्रार नोंदवून घेण्यातच रात्र गेली. पहाटे घरी परतताना त्यातल्या एकाने आमच्यासमोर मोबाईल धरला. स्क्रीनवर छोट्या पिस्तुलांची रांग होती. "दादा, शर्टाखाली दिसणार नाही असं कोणतं घ्यावं? आणि लायसन कसं काढायचं?"

आम्ही त्याला वेड्यात काढलं नाही. ज्याच्या पाठीवर वळ आहेत, त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो त्या मोबाईलमध्ये नव्हता.

आधी त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. अमेरिकन व्हिडिओत दिसणारं ९ एमएमचं पिस्तूल भारतात सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. आपल्याकडे परवानाधारकाच्या कमरेला बहुतेक करून .३२ असतं. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम, सहा गोळ्या, पर्समध्ये मावेल असं. दिल्लीच्या निर्भयाची आठवण म्हणून ते नाव, आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. जिच्यासाठी बनवलं असं सांगितलं, त्या बसने कामावर जाणाऱ्या मुलीच्या वर्षभराच्या पगारात तरी ते बसत होतं का? आणि लपवण्याचं म्हणाल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल झाकूनच न्यावं लागतं. झाकून चालण्याची मुभा कायदा देतोच. खरी अडचण त्याच्या आधी येते, परवान्यावरच्या सहीपाशी.

ती सही कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हाच आपला इतिहास आहे.

दरवर्षी १ जानेवारीला मुरबाडहून माळशेज घाट चढून आपल्या गाड्या कोरेगाव भीमाला जातात. १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची ४९ नावं जयस्तंभावर आहेत, त्यातली २२ 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महारांची. आपण ती नावं अभिमानाने वाचतो, वाचलीच पाहिजेत. पण त्यांच्या नातवंडा-पतवंडांचं काय झालं, हे भाषणात क्वचित येतं. १८५७ नंतर इंग्रजांनी सैन्याची फेरमांडणी केली, पुढे 'लढाऊ जाती'चा सिद्धांत आला, आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांनी तीन पिढ्या बंदूक चालवली होती, ते कागदावर एका फटक्यात न लढणारे ठरले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळेंनी १९१० मध्ये. दाद लागली ती पहिल्या महायुद्धात, कारण साहेबाला माणसं कमी पडली. १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा महायुद्ध आलं तेव्हा १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट झाली. आपल्या हातातली बंदूक नेहमी दुसऱ्याच्या गरजेने आली आणि त्याची गरज सरताच गेली.

घरातल्या बंदुकीचं तर नावच नको. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, युरोपियनांना मात्र त्यातून सूट. परवाना पोचायचा तो संस्थानिक, जमीनदार, वतनदार यांच्यापर्यंत. रात्रभर गावाची राखण करायचा वेसकर महार, हातात फक्त काठी, आणि बंदूक पाटलाच्या माडीवर. १९५९ चा शस्त्र कायदा आला तेव्हा कलम १४ मध्ये एक चांगली ओळ घातली गेली: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. वाचून बरं वाटतं. पण कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे, आणि पीक राखायला आधी शेत लागतं. शहापुरातल्या भूमिहीन कातकऱ्याने सातबारा कुठून आणायचा? पिस्तुलासाठी तर 'योग्य कारण' दाखवावं लागतं आणि ते योग्य आहे की नाही हे अधिकारी ठरवतो.

हा पेच एकट्या आपल्याच वाट्याचा नाही. १९५६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. ज्यांच्यापासून धोका, सही करणारा त्यांच्यातलाच. पुढे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स कॅलिफोर्नियात उघडपणे भरलेल्या बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने तसं फिरण्यावर बंदी आणली. १९७२ मध्ये आपल्या दलित पँथरने त्यांचं नाव घेतलं, बंदूक घेतली नाही. ती भीती नव्हती, हिशोब होता, असं आमचं मत आहे.

तो हिशोब बाबासाहेबांनी आधीच केला होता. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. जमलेल्यांत पलटणीतले निवृत्त जवान होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. तळ्याचा खटला दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये हायकोर्टात आपण जिंकलो. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, १९३१ च्या कराची ठरावाचा आधार देऊन. बाबासाहेबांनी विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार बेधडक घेऊ लागला तर राज्य चालणार कसं, असा त्यांचा सवाल होता. काही तरुण मित्रांना हे रुचत नाही, आम्हाला ठाऊक आहे. पण विचार करा: तो हक्क सर्वांना मोकळा झाला असता, तर पहिली बंदूक कोणी घेतली असती? ज्याच्याकडे पैसा होता त्याने.

आमच्या भागात आज तेच दिसतं. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला, आसनगाव-वासिंदकडे गोदामं उठली, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि फार्महाऊसवाल्यांच्या, दलालांच्या कमरा फुगल्या. याच ठाणे जिल्ह्यात २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. आरोपी तेव्हाचा सत्ताधारी पक्षाचा आमदार. भरल्या पोलीस ठाण्यात पिस्तुलाने कोणाचं रक्षण केलं, हे ज्याने त्याने ठरवावं.

खैरलांजीचं उदाहरण पोरं नेहमी देतात. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबावर अख्खा जमाव चालून आला. घरात सहा गोळ्या असत्या तर? हा प्रश्न आम्हालाही रात्री छळतो. पण सहा गोळ्यांनी जमाव संपत नाही, आणि बहिष्कार, अडवलेली वाट, तोडलेलं पाणी यांवर तर गोळी झाडताच येत नाही. आमच्याच तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी शहीद झाले. नाभिक समाजातला हा वकील आणि त्याचा आझाद दस्ता हिमतीत कुठेच कमी नव्हता. खबर फुटली आणि घात झाला.

आणि गावठी कट्ट्याचं तर मनातही आणू नका. विनापरवाना शस्त्र सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, पाचपर्यंत शिक्षा. अॅट्रॉसिटीचा फिर्यादी एका रात्रीत आर्म्स अॅक्टचा आरोपी होतो. समोरच्याला याहून जास्त काय हवं?

आता जे कोणी सांगत नाही ते. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ काढून वाचा. अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रं सरकारने निश्चित करायची. गरज वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांचे नातेवाईक, नोकर आणि मित्रांचेही शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रं जप्त करायची. आणि त्यानंतरचं कलम: जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्र परवाने द्यायचे.

हे आमचं स्वप्न नाही, राजपत्रात छापलेला नियम आहे. क्रमही पाहा: आधी त्यांचं काढा, मग तुमचं द्या. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात, म्हणजे प्रशासनाला हे काम येतं. जातीय तणावाच्या गावात तेच का करायचं नाही? जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी आणि तिचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. शहापूर-मुरबाडच्या ग्रामीण भागात शस्त्र परवान्यावर सही करणाराही तोच.

त्या पोराला आम्ही हे सगळं एका बैठकीत सांगितलं. त्याला पूर्ण पटलं असं नाही. "तोपर्यंत मार खायचा का?" असं त्याने विचारलंच. आम्ही म्हणालो, परवान्याचा अर्ज कर, तुझा हक्क आहे, कारणात नियम ३ चा उल्लेख कर, एफआयआरची प्रत जोड. पण आधी माहिती अधिकाराचा अर्ज लिहू. ठाणे जिल्ह्यात नियम ३ खाली कोणती क्षेत्रं निश्चित केली? तिथले किती परवाने रद्द केले? अनुसूचित जाती-जमातींच्या किती व्यक्तींना दिले? दक्षता समितीच्या गेल्या चार बैठकांचं इतिवृत्त द्यावं.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याने सही केली. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. शहापुरातून, किन्हवलीकडून, टोकावड्याकडून असेच अर्ज जायला हवेत. मसुदा आमच्याकडे तयार आहे, येऊन घेऊन जा.