महामोहर आणि होन

'नाणे वाजवून घ्यावे' असे आपण म्हणतो. नाणे हातावर तोलता यावे, कानाने पारखता यावे, हे या म्हणण्यात गृहीत आहे. मग जे दोन्ही हातांनी उचलावे लागते, त्याला नाणे कोणत्या अर्थाने म्हणायचे?

मोगल टांकसाळींत अशी नाणी पडत असत. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'मध्ये अकबराच्या 'शहनशाह' या मोहरेचे वजन 101 तोळे 9 मासे 7 गुंजा असे नोंदविले आहे. जहांगीराच्या कारकिर्दीत आग्र्यास 1613 मध्ये घडविलेली 1000 मोहरांची मोहर तर सुमारे 12 किलो वजनाची आणि 20 सेंटीमीटर व्यासाची होती. 'आईन'मध्ये टांकसाळीतील कामांची वाटणीही दिली आहे. कोणी सोन्याचा कस पाहतो, कोणी ते वितळवतो, कोणी चकत्या कापतो, कोणी ठसे खोदतो. शेवटी चकती दोन ठशांमध्ये ठेवून तिच्यावर घण मारला जातो. नेहमीच्या मोहरेला ही रीत पुरेशी होती. परंतु व्यास दहापट झाला की पृष्ठभाग शंभरपट होतो. त्यावर सर्वत्र सारखी, रेखीव अक्षरे उमटविणे ही कारागिराची वेगळीच कसोटी होय. मात्र ही करामत बाजारासाठी नव्हती. परदेशी वकिलांना आणि मानकऱ्यांना सत्तेचे वजन जाणवावे, एवढाच तिचा हेतू होता.

त्याच शतकात रायगडावर जे घडले, ते या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, 1674 मध्ये, महाराजांची सुवर्णतुला 17,000 होनांची झाली, असे वेंगुर्ल्याच्या डच वखारीतील पत्र सांगते. महाराजांचा होन तीन ग्रॅमांच्या आतला. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. जहांगीराच्या त्या एका मोहरेत असे चार हजारांवर होन मावले असते.

अभिषेकास आलेल्या हेन्री ऑक्झिंडनने कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे असे कलम मागितले होते. महाराजांना ते कलम अनावश्यक वाटले. कोणत्याही नाण्यास आपली मनाई नाही, पण ज्यात नुकसान होईल ते घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही. इंग्रजांचे नाणे कसाला आणि वजनाला इतरांच्या तोडीचे असेल तर ते खुशाल चालावे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नाण्याची प्रतिष्ठा राजाच्या हुकमावर नव्हे, तर घेणाऱ्याच्या विश्वासावर उभी असते, ही जाण त्यात स्पष्ट दिसते. गावगाड्यात हा विश्वास राखणारा पारखी म्हणजे पोतदार. पुण्यात आज हे केवळ आडनाव म्हणून उरले आहे.

कॅनडाच्या टांकसाळीने 2007 मध्ये 100 किलोचे सुवर्णनाणे काढले. त्यांपैकी एक 2017 मध्ये बर्लिनच्या संग्रहालयातून चोरीस गेले, ते सापडलेच नाही. आग्र्याची ती मोहर 1987 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात दिसली. महानाण्यांच्या वाट्याला असा संग्रह, लिलाव किंवा चोरी येते. होन मात्र हातोहात फिरला आणि झिजला. नाण्याचे मोठेपण वजनात पाहायचे की चलनात, हा प्रश्न म्हणूनच केवळ नाणकशास्त्राचा राहत नाही. इतिहासात आपण थोरवी कशाने मोजतो, याचाही तो प्रश्न आहे.